मेंदूला बसलेला मुका मार: अंधारी खोली की रोजचे चालणे?

31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे झालेल्या भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर अखेरच्या षटकात चेंडू आदळला आणि मेंदूला मुका मार बसल्याच्या कारणावरून दुसऱ्या डावात त्याच्या जागी हर्षित राणा मैदानात उतरला. अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज आला, त्याने तीन बळी घेतले आणि ‘समतुल्य खेळाडू’ नेमका कोणाला म्हणायचे यावर पुढे कितीतरी दिवस वाद रंगला. त्या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला. हेल्मेट शाबूत असताना आणि रक्ताचा थेंबही सांडलेला नसताना कवटीच्या आत असे काय घडू शकते, की ज्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2019 मध्ये नियम बदलून बदली खेळाडूला फलंदाजी आणि गोलंदाजीचीही मुभा द्यावी?

हा प्रश्न क्रिकेटपटूंपुरता नाही. ठाण्यात गुरुपौर्णिमेच्या सुमारास गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो आणि वरच्या थरांवरून मुले पडू लागतात. घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाणे-बेलापूर मार्गावर पावसाळ्यात दुचाक्या घसरतात. शाळेच्या मैदानात दोन डोकी एकमेकांवर आपटतात. रुग्णालयात सीटी स्कॅन होतो, ‘नॉर्मल आहे, घरी न्या’ असे सांगितले जाते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे आठवडा उलटला तरी त्या मुलाचे डोके दुखत राहते, उजेड सहन होत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, झोपेचे गणित बिघडते आणि चिडचिड वाढते. मग घरात दोन निदाने होतात: एक तर पोरगा अभ्यास टाळण्यासाठी नाटक करतो आहे, किंवा एवढ्या गर्दीत त्याला कोणाची तरी दृष्ट लागली आहे. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्याने इजा होत नाही हे खरे असले, तरी त्या समाधानात डॉक्टरांकडे पुन्हा जाण्याचे राहून जाते. नाटकाचा आरोप तर त्याहून वाईट, कारण त्यामुळे आजारी मुलाला आजारपणाबरोबर अविश्वासही सोसावा लागतो.

या इजेला वैद्यकात कन्कशन म्हणतात आणि ती मेंदूच्या सौम्य इजांमध्ये मोडते. सौम्य हे विशेषण बहुधा ग्लासगो कोमा स्केलवरून ठरते. 1974 मध्ये ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडलेल्या या मापनात डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून 3 ते 15 गुण दिले जातात, आणि 13 ते 15 गुण मिळणारी इजा सौम्य समजली जाते. रुग्णाला होणारा त्रास किती दिवस टिकेल, हे त्या गुणांवरून कळत नाही. सीटी स्कॅनचे कामही वेगळेच आहे. कवटीला तडा गेला आहे का, आत रक्त साकळले आहे का, सूज आली आहे का, हे तो उत्तम दाखवतो आणि त्यासाठी तो अत्यंत मोलाचा आहे. परंतु मज्जातंतूंची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरात असते आणि त्यांना बसलेला ताण सीटीच्या चित्रात उमटत नाही.

हा ताण येतो कसा, याचे भौतिकशास्त्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमध्ये उलगडले. भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी 1943 मध्ये मेंदूऐवजी जिलेटिनची प्रतिकृती वापरून दाखवले, की डोके सरळ रेषेत ढकलले जाण्यापेक्षा झटक्याने वळणे मेंदूला अधिक घातक असते. मेंदू दाबला सहजासहजी जात नाही, पण पीळ दिल्यास त्याचे थर एकमेकांवरून सरकतात आणि त्यांमधून जाणारे लांब तंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, जीव वाचवते आणि म्हणून ते घातलेच पाहिजे. डोक्याला बसणारा हा पीळ मात्र ते पूर्णपणे थोपवू शकत नाही.

आता त्या ताणलेल्या तंतूंत काय घडते ते पाहू, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण भाग तोच आहे आणि तो समजून घेण्यासाठी थोडा वेळ देणे सार्थकी लागते.

प्रत्येक मज्जापेशी आपल्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे राखते. बाहेरच्या द्रवात नेमके उलट असते. या फरकावरच मेंदूतील प्रत्येक विद्युतसंदेश चालतो. तो फरक टिकवण्यासाठी पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप अहोरात्र चालू असतात. डेन्मार्कचे येन्स स्को यांनी 1957 मध्ये हा पंप शोधला आणि 1997 मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पंपाच्या एका फेरीत तीन सोडियम आयन (विद्युतभारित कण) बाहेर जातात, दोन पोटॅशियम आयन आत येतात आणि पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च होतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, आणि त्यातील मोठा वाटा आयनांच्या या ने-आणीवरच जातो.

नवी मुंबईकरांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. वाशी-नेरूळचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे सिडकोने तेथे होल्डिंग पाँड बांधले. भरतीच्या वेळी त्यांचे दरवाजे खाडीचे पाणी बाहेर थोपवतात आणि आत साठलेले पावसाचे पाणी पंपांनी बाहेर फेकता येते. भर पावसात, ऐन भरतीच्या वेळी, सगळे दरवाजे एकदम उघडे पडले आणि पंपांचा वीजपुरवठाही मंदावला तर जे होईल, तेच धक्का बसलेल्या मज्जापेशीत होते.

तंतू ताणले जाताच आवरणातील आयनांच्या वाटा अवेळी उघडतात. पोटॅशियम बाहेर पडते, सोडियम आत घुसते आणि संदेश वाहणारे ग्लुटामेट बेसुमार सांडते. हे ग्लुटामेट शेजारच्या पेशींवरील एनएमडीए नावाची संदेश टिपणारी दारे (रिसेप्टर) उघडते आणि त्या वाटेने कॅल्शियम आत शिरते. विस्कटलेला तोल सावरण्यासाठी पंप पूर्ण क्षमतेने धावू लागतात आणि एटीपीची मागणी एकाएकी वाढते. नेमक्या याच वेळी मेंदूकडे येणारा रक्तप्रवाह कमी होतो. आत आलेले कॅल्शियम पेशी आपल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये, साठवते, त्यामुळे ऑक्सिजनच्या साहाय्याने होणारी ऊर्जानिर्मिती मंदावते, आणि पेशीला ग्लायकोलिसिस या घाईच्या मार्गावर विसंबावे लागते. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूमागे निव्वळ दोनच एटीपी मिळतात, तर ऑक्सिजनच्या मार्गाने सुमारे तीस. मागणी कळसाला आणि पुरवठा तळाला, अशी ही स्थिती असते. ख्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होवडा यांनी 2001 मध्ये हे सारे एकत्र मांडले आणि तेव्हापासून कन्कशनमधील ‘ऊर्जासंकट’ ही कल्पना रूढ झाली. या पहिल्या धावपळीनंतर ग्लुकोजचा वापरच खालावतो. प्रौढ उंदरांत तो सुमारे 7 ते 10 दिवस खालावलेला आढळला. या काळात दुसरा मार बसला तर पेशीजवळ सावरण्याइतकी शिल्लक नसते, आणि म्हणूनच धक्का बसलेल्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा खेळू देऊ नये हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडता कामा नये.

या चित्रावरून उपचाराचा एक निष्कर्ष आपसूक निघत होता: ऊर्जा कमी आहे, तर ती वाचवा. त्यातून अंधारी खोली, पुस्तक बंद, शाळा बंद, मित्र बंद, अशी कडक विश्रांतीची पद्धत जगभर पसरली. तर्क देखणा होता, पण त्याची चाचणी झालेली नव्हती. 2015 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथील अभ्यासात 11 ते 22 वर्षे वयाच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला पाच दिवसांची कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचे जीवन. अभ्यास पूर्ण केलेल्या 88 जणांत कडक विश्रांती घेतलेल्यांनीच अधिक लक्षणे नोंदवली आणि ती जायलाही अधिक वेळ लागला.

पुढचे पाऊल बफेलो विद्यापीठातील जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. त्यांची पद्धत साधी आणि सुंदर आहे. रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात, दर मिनिटाला चढ थोडा वाढवतात आणि डोकेदुखी किंवा चक्कर ठळकपणे वाढली की थांबवून त्या क्षणाची हृदयगती नोंदवतात. त्या गतीच्या 80 टक्के ही त्याची मर्यादा ठरते आणि तेवढ्या जोराचा व्यायाम त्याने रोज सुमारे 20 मिनिटे करायचा असतो. समजा मिनिटाला 150 ठोक्यांवर त्रास वाढला, तर त्याने 120 च्या आसपास राहायचे. औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरवावी तशी येथे व्यायामाची मात्रा ठोक्यांमध्ये ठरते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 13 ते 18 वर्षांचे 103 खेळाडू होते. निम्म्यांना हा व्यायाम दिला, उरलेल्यांना केवळ स्नायू ताणण्याचे हलके प्रकार दिले. बरे होण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या मुदतीत बरे झाले ती, पहिल्या गटात 13 दिवस, दुसऱ्यात 17 दिवस होता. 2021 मध्ये 118 जणांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत हेच आकडे 14 आणि 19 असे आले.

चार-पाच दिवस म्हणजे काय मोठेसे, असे कोणी विचारील. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्याला त्याचे उत्तर विचारावे. शिवाय चार आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या त्रासाचा धोका दुसऱ्या चाचणीत जवळजवळ निम्म्याने घटला.

व्यायामाने नेमके काय साधते याचे एक स्पष्टीकरण रक्तातील कार्बन डायऑक्साइडशी निगडित आहे. हा वायू रक्तात वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. कन्कशननंतर त्रास लांबलेल्या काही महिला खेळाडूंच्या लहानशा अभ्यासात असे दिसले, की श्रमाच्या मानाने त्यांचा श्वासोच्छ्वास कमी पडत होता. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठत होता, मेंदूकडे प्रमाणाबाहेर रक्त जात होते आणि डोके दुखून व्यायाम थांबवावा लागत होता. मर्यादेखालच्या व्यायामाने हे नियंत्रण पुन्हा ताळ्यावर आले. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत रक्त कमी पडते आणि नंतर श्रमाच्या वेळी ते जास्त होते. एकाच इजेच्या या दोन अवस्था आहेत, आणि पहिल्या अवस्थेवरून ठरवलेला उपचार दुसऱ्या अवस्थेत लागू पडेलच असे नाही. 2022 मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञ परिषदेने या पुराव्यांच्या आधारे पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे अंथरूण न धरता रोजची हलकी कामे करत घेतलेली विश्रांती, आणि त्यानंतर हलका व्यायाम अशी शिफारस केली. पहिल्या 48 तासांत मोबाइल आणि टीव्हीचे पडदे दूर ठेवावेत याला मात्र चाचणीचा आधार आहे: 2021 च्या एका अभ्यासात पडदे टाळलेल्यांचा मध्यक काळ साडेतीन दिवस होता, तर पाहण्याची मुभा असलेल्यांचा आठ.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट जाग न येणे, फिट येणे, हातापायातील कमजोरी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर या लेखातील कोणताही सल्ला लागू होत नाही. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

औषधांच्या बाबतीत चाचण्यांनी आशेवर पाणीच फिरवले आहे. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून आपल्याकडील चिठ्ठ्यांवर सर्रास दिसणारे सिटीकोलीन मेंदूच्या इजेच्या 1213 रुग्णांवरील चाचणीत 90 दिवस देऊन तपासले गेले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दाबाखालील प्राणवायूच्या कक्षांबद्दलही मोठे दावे केले जातात. अमेरिकेतील 72 सैनिकांवरील अभ्यासात एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला त्याच कक्षात केवळ किंचित दाबाची हवा आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. कक्षात बसलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले, आणि त्या दोघांत फरक मात्र आढळला नाही. लक्ष दिले गेल्याचा, आपल्यासाठी कोणीतरी काही करत असल्याचा परिणाम केवढा असतो, हे त्यातून कळते. पण तेवढ्यासाठी कोणी हजारो रुपये आकारणे समर्थनीय नाही.

हाच निकष व्यायामाच्या चाचण्यांनाही लावला पाहिजे. आपण चालतो आहोत की स्नायू ताणतो आहोत हे रुग्णाला दिसतेच, त्यामुळे गोळीसारखी लपवाछपवी तेथे शक्य नसते, आणि लक्षणे रुग्णानेच सांगायची असतात. जीएफएपी आणि यूसीएच-एल1 या रक्तातील प्रथिनांची तपासणी अमेरिकेत 2018 मध्ये मान्य झाली, पण तिचा उपयोग सीटीची गरज आहे का हे ठरवण्यापुरता आहे. रुग्ण बरा झाला की नाही हे सांगणारी रक्ततपासणी अद्याप रूढ झालेली नाही.

आणखी एक उणीव आपल्या बाजूची आहे. लेडींच्या चाचण्यांतील रुग्ण अमेरिकेतील तंदुरुस्त किशोरवयीन खेळाडू होते, तर आपल्या अपघात विभागात येतो तो दुचाकीवरून पडलेला तिशी-चाळिशीचा माणूस, ज्याच्या मानेलाही मार असतो, ज्याचा रक्तदाब कदाचित वाढलेला असतो आणि ज्याला चौथ्या दिवशी लोकलने कामावर जायचे असते. त्याच्यासाठी 80 टक्क्यांची मर्यादा योग्य आहे का, हे येथेच तपासावे लागेल. त्यासाठी चढ देता येणारी ट्रेडमिल, हृदयगती मोजणारा पट्टा, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि दर आठवड्याला पाठपुरावा करणारा माणूस एवढेच लागते, आणि ठाणे व नवी मुंबईत या चारही गोष्टी आहेत. पहिल्या दहा दिवसांत रुग्ण परत आला पाहिजे ही एकच अट अवघड आहे, आणि ती पुरी करायची तर घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ‘सीटी नॉर्मल’ या शब्दांखाली पुढील भेटीची तारीख लिहिण्यापासून सुरुवात करता येईल.