निळा कांदा (नक्षी)

निळा कांदा : चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यांवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने काढली जाणारी जर्मन नक्षी. जर्मन भाषेत तिला ‘त्स्वीबेलमुस्टर’ म्हणतात, म्हणजे कांद्याची नक्षी. सॅक्सनीतील मायसेन येथे १७१० मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना निघाला आणि १७४० च्या सुमारास तिथेच ही नक्षी आकाराला आली.

नक्षीत कांदा कुठेच नाही. ताटलीच्या काठावर दिसणारी गोल, शेंडीवाली फळे म्हणजे डाळिंबे, आणि त्यांच्या जोडीला पीच. दोन्ही फळे चिनी भांड्यांवरून आली. चीनमध्ये दाण्यांनी गच्च भरलेले डाळिंब भरपूर संततीचे प्रतीक मानतात आणि पीच दीर्घायुष्याचे. सॅक्सनीच्या थंड मुलखात डाळिंब फारसे कुणाच्या पाहण्यात नव्हते. शिवाय चित्रकारांच्या हातून आकार साचेबंद होत गेला. लोकांना तो कांदा वाटला आणि तेच नाव रूढ झाले. घरात नेहमी डाळिंब सोलणाऱ्याला मात्र त्याच्या टोकावरचा मुकुट चटकन ओळखू येतो. मध्यभागी बांबूचे कांड आणि त्याला वेढणाऱ्या फुलांच्या फांद्या असतात. सुरुवातीच्या ताटल्यांवर काठावरच्या सगळ्या फळांची तोंडे आत असत. पुढे एक आत, एक बाहेर अशी मांडणी आली.

या नक्षीची खरी कसोटी हाताची आहे. रंग झिलईच्या खाली असतो. एकदा भाजलेल्या, सच्छिद्र भांड्यावर आधी खाका उमटवतात. रांगोळीच्या ठिपक्यांसाठी वापरतात तसा भोके पाडलेला कागद ठेवून त्यावरून कोळशाची पूड फिरवतात. ती पूड पुढे भट्टीत जळून जाते. मग कुंचल्याने रंग भरतात. भांडे रंग क्षणात शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. त्यावर झिलई चढवून भांडे सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजतात. एवढी आच सोसणारे रंग थोडेच. कोबाल्ट त्यांपैकी एक, आणि त्याचे खनिज सॅक्सनीच्याच डोंगरांत मिळे.

नक्षी इतकी लोकप्रिय झाली की इतर कारखान्यांनीही ती उचलली. त्यामुळे १८८८ पासून मायसेनने बांबूच्या बुडाशी आपल्या दोन तिरप्या तलवारींची खूण घालायला सुरुवात केली. चेक प्रदेशातील दुबी गावी होणारी भांडी ‘त्सिबुलाक’ नावाने ओळखली जातात. या नावातही कांदाच आहे.