पऱ्हाटीचं 'प्रतिकारक' वाण

'कीडप्रतिकारक' हा शब्द कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर आला आणि शेतकऱ्याने त्याचा अर्थ 'फवारणी नको' असा घेतला. त्यात त्याची चूक नाही, विकणाऱ्यांनी तसंच सांगितलं. खरं तर बीटीचं, म्हणजे मातीतल्या एका जिवाणूच्या जनुकामुळे झाडातच तयार होणारं विष फक्त बोंडअळ्यांसाठी आहे. रस शोषणारे तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांना ते बाधत नाही.

पैदासकारांचा 'प्रतिकार' पूर्वी वेगळा होता. अमेरिकन कपाशी तुडतुड्यांना बळी पडायची म्हणून दाट, लांब लव असलेल्या पानांची झाडं निवडली गेली. तुडतुडा पानाच्या शिरेत अंडी घालतो, लवेमुळे ते त्याला अवघड जातं. मात्र अशाच लवदार पानावर पांढरी माशी जास्त रमते.

मार्च २००२ मध्ये बीटीला मंजुरी मिळाली ती तीन संकरित (दोन वेगळ्या पालकांच्या संकरातून केलेल्या) वाणांत. अमेरिका, ऑस्ट्रेलियात हेच जनुक सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचं बी राखून पुन्हा पेरता येतं अशा वाणांत होतं. आपल्याकडे १९७० पासून संकरित कपाशी रुळलेली, उत्पन्नही चांगलं, हे खरं. पण संकरित सरकी घरी राखून पेरता येत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. माझ्या मते बीटी संकरितातच आणण्याच्या निर्णयातलं सगळ्यात मोठं वजन याच गोष्टीला होतं.

त्याची किंमत बोंडात दिसते. संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळतो. झाडाच्या पानापात्यात विष असतं, पण सरकी ही पुढची पिढी. तिच्या साधारण चारातल्या एका दाण्यात ते नसतं. २००६ च्या दोन जनुकांच्या बीटीतही सोळातला एक दाणा दोन्हींविना राहतो. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीतच जगते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी असले की अर्धवट विष पचवणाऱ्या अळ्या वाचतात, त्यांचीच पिलावळ वाढते. त्यात ही वाणं लांब मुदतीची. ओलिताखाली फरदड घेतली (वेचणीनंतरही तेच पीक पुढे ठेवलं) की अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य. विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून सोबतचं १२० ग्रॅमचं बिगरबीटी पाकीट बांधालगत पेरायचं होतं, ते अनेकदा घरीच पडून राहिलं.

२००८ च्या हंगामात गुजरातेत पहिल्या जनुकाला अळी सरावल्याचं आढळलं. पुढे दुसऱ्यालाही. २०१७ मध्ये विदर्भ, मराठवाडा, खानदेशात डोमकळ्यांनी (आत अळी असल्याने न उमललेल्या फुलांनी) शेतं भरली.

दरम्यान सरकारी संशोधनातून आलेलं सरळ बीटी वाण २००९ मध्ये थांबवलं गेलं होतं. तशी वाणं पुन्हा यायला बरीच वर्षं गेली. त्यांत जनुक होता तोच पहिला, आणि गुलाबी अळी तोवर त्याला जुमानेनाशी झाली होती.