जुन्या संगणकातले आटत गेलेले सोने

जुना संगणक खोलून भंगारात विकला तर पैसे सुटतात का? उत्तर देण्याआधी ते यंत्र कोणत्या साली बनले हे बघावे लागते. साठच्या दशकातल्या यंत्राचे उत्तर एक, नव्वदच्या दशकातल्याचे दुसरे, आणि आजच्या पातळ लॅपटॉपच्या बाबतीत तर बहुतेकदा स्क्रू काढण्याची मजुरीही निघत नाही.

संगणक बाल्यावस्थेत होते तेव्हा सोने स्वस्त होते; खरे तर मुद्दाम स्वस्त ठेवलेले होते. १९३४ पासून अमेरिकेने सोन्याचा अधिकृत भाव एका ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, ३५ डॉलरवर बांधून टाकला होता. सोने गंजत नाही, वीज चांगली वाहून नेते आणि पिन खाचेत बसली की वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० सारख्या यंत्रांसाठी लाखो डॉलर मोजले जात होते. तिथे पिनांवर सोन्याचा थर जरा जाड बसला म्हणून कोणी जाब विचारत नव्हते. ऑगस्ट १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरवर जाऊन टेकला. म्हणजे पस्तिसाच्या भावाने मढवलेली यंत्रे मोडीत निघाली तेव्हा भाव शेकड्यांत गेला होता. या धंद्याचा पाया हाच. सोने शोधणारे फार हुशार होते असे नाही, आधीच्या पिढीची उधळपट्टी त्यांच्या पदरात पडली.

अभियंत्यांना मात्र हा भाव लगेच टोचू लागला. पूर्ण पिनेला मुलामा देण्याऐवजी जिथे धातूला धातू टेकतो तेवढ्याच जागी तो देण्याची पद्धत रुळली. चिपचे सिरॅमिकचे, सोनेरी झाकणाचे कवच जाऊन काळे प्लॅस्टिक आले. इंटेलचा १९९५ चा पेंटियम प्रो हा भंगारवाल्यांचा आजही लाडका प्रोसेसर: जड सिरॅमिक, खाली ३८७ सोनेरी पिना. त्यानंतर १९९७ मध्ये आलेला पेंटियम टू एका डबीत बसवलेला होता आणि ती चैन संपली होती. २००४ मध्ये तर इंटेलने पिना प्रोसेसरवरून काढून सॉकेटमध्येच नेऊन ठेवल्या. चिपच्या पोटात सोन्याच्या केसासारख्या तारा असत, त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी तांब्याने घेतली. बोर्डावरच्या छोट्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या सुट्या भागांत, पॅलेडियम हा महाग धातू असे, तिथे नव्वदच्या दशकात निकेल येऊ लागले. भाव २०११ मध्ये १,९०० डॉलरपर्यंत गेला आणि २०२५ मध्ये ४,००० च्याही वर, पण भाव चढत गेला तसतसा यंत्रातला माल आटत गेला. महाग वस्तू आधी कारखान्यातच वाचवली जाते, भंगारात उरते ती त्यातून सुटलेली.

रॅमच्या पट्टीचेच बघा. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ असते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याचे डोळे तिथेच अडकतात. जुन्या डीडीआर रॅमवर असे १८४ पट्टे असतात. एक पट्टा साधारण एक मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर लांब धरू, आणि मुलामा चांगल्या दर्जाचा, म्हणजे पाऊण मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सगळे पट्टे मिळून साडेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास क्षेत्र होते. सोन्याची घनता घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम धरून गुणाकार केला की हाती येतात जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. एका ग्रॅमसाठी दीडशे पट्ट्या! त्याही मुलामा देणाऱ्याने काटकसर केली नसेल तर, आणि ती सहसा केलेली असते. शिवाय पट्टी चालू असेल तर रॅम म्हणून तिला जो भाव मिळतो, त्याच्या पासंगालाही हे सोने पुरत नाही.

मग ते सोने सुटे करायचे म्हणजे आम्लराज आले: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक आम्ल. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा जॉर्ज द हेवेसी या रसायनशास्त्रज्ञाने माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदके याच द्रावणात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली होती, आणि युद्धानंतर त्याच सोन्याची पदके पुन्हा घडवली गेली. पण ती पदके जवळजवळ निव्वळ सोन्याची होती. संगणकातल्या सर्किट बोर्डाच्या वजनात सुमारे पाचवा हिस्सा तांबे असते, आणि ओतलेले आम्ल आधी तांबे, कथिल, निकेल खाण्यातच संपते. वर विषारी धूर, खाली हिरवे पाणी. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

या भानगडीत न पडता नफा काढणारे दोघे. एक, मोठ्या तांब्याच्या भट्ट्या: स्वीडनमधले रोनशेर, बेल्जियममधले होबोकेन, कॅनडातली हॉर्न. तिथे बोर्ड सुटे करत बसत नाहीत. त्यांचे तुकडे भट्टीत जातात, त्यातले राळ-प्लॅस्टिक जळून उष्णता देते, सोने-चांदी-पॅलेडियम वितळलेल्या तांब्यात उतरते आणि तांब्याच्या विद्युत शुद्धीकरणात टाकीच्या तळाशी गाळ म्हणून बसते. पण त्यांना माल टनांत लागतो. दुसरा, माल वेगळा करणारा माणूस. सर्व्हरचे बोर्ड एका ढिगात, मदरबोर्ड दुसऱ्यात, पॉवर सप्लायची तपकिरी पाटी तिसऱ्यात, वायर, ॲल्युमिनियम आणि पत्रा निराळे. एकत्र ढिगाला सगळ्यात हलक्या मालाचा भाव मिळतो, वेगळ्या ढिगांना ज्याचा त्याचा. माझ्या मते या धंद्यातले खरे कौशल्य एवढेच आहे, बाकी धीर.

आणि तोट्याची बाजू कोणाच्या तरी गळ्यात घालणे, हेही आहेच. काचेच्या नळीचा मॉनिटर हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसे असे. जोवर नवे तसे मॉनिटर बनत होते तोवर ती काच पुन्हा काचकारखान्यात खपत होती. सपाट पडदे आले आणि मागणी बसली. भंगारवाला नळीच्या गळ्याजवळचे तांब्याचे वेटोळे कापून घ्यायचा आणि काच तशीच पडून राहायची. धोकादायक कचरा देशाबाहेर ढकलण्याला आळा घालणारा बाझेल करार १९८९ मध्ये झाला, १९९२ मध्ये अमलात आला, तरी २००२ मध्ये बाहेरचा ई-कचरा मोडणाऱ्या चीनमधल्या ग्वियू गावाची चित्रे जगापुढे आली: उघड्यावर तापवलेले बोर्ड, आम्लाची पिंपे, काळे ओढे. त्या हिशेबात नफा दिसत होता, कारण मजूर स्वस्त होता आणि नदी फुकट. त्याच सुमारास युरोपीय संघाने ई-कचऱ्याच्या संकलनाचा खर्च उत्पादकांवर टाकणारा निर्देश मंजूर केला. १ जानेवारी २०२५ पासून तर धोकादायक असो वा नसो, कुठलाही ई-कचरा सीमेपार पाठवायला घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते.

मोठ्या आकड्यांनी या सगळ्यात गोंधळच वाढवला. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातल्या धातूंची किंमत ९,१०० कोटी डॉलर, असा अहवाल आहे. त्याच अहवालानुसार रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला वाटा २२.३ टक्के. धातूची किंमत म्हणजे नफा नव्हे, हे टोकियो ऑलिंपिकच्या पदकांवरून कळते. त्यासाठी ७८,९८५ टन उपकरणे आणि ६२ लाखांहून अधिक मोबाइल गोळा झाले, सोने मिळाले ३२ किलो. भागाकार केला तर टनामागे अर्धा ग्रॅमही नाही, आणि खाणीतल्या बऱ्या धातुकात टनाला एक ते पाच ग्रॅम असते. निवडक बोर्डांचा टन दोनशे ग्रॅमच्या घरात जातो, पण तो कोणीतरी आधी निवडावा लागतो.

हार्ड डिस्क हे हाताने खोलण्यासारखे उरलेले एक चांगले नग. टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, स्क्रू काढले, लेबलाखाली दडलेला एक काढायला विसरलो नाही, की झाकण निघते. ओतीव ॲल्युमिनियमचे खोके, आरशासारख्या तबकड्या, आणि कोपऱ्यात निओडिमियमच्या चुंबकांची जोडी, बोट मध्ये आले तर चिमटा काढणारी. पण डेटा सेंटरमधल्या हजारो डिस्क माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आख्ख्याच यंत्रात चुरडल्या जातात. तिथे ती चुंबके भुगा होऊन लोखंडाच्या तुकड्यांना चिकटतात आणि लोखंडाबरोबर भट्टीत जातात.