बीपीची गोळी सुरू केली आणि क्रिएटिनिन वाढलं

टेल्मिसार्टन सुरू होऊन दोन आठवडे झाले, क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) १.० वरून १.२ वर गेलं, की घरात 'गोळीनं किडनी बिघडवली' म्हणत गोळ्या परस्पर बंद होतात. बहुतेक वेळा हा निर्णय चुकीचा असतो.

दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त जातं. आतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीत एक बारीक धमनी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बाहेर नेणारी धमनी जास्त आवळतं, त्यामुळे गाळणीतला दाब चढतो. मधुमेहात याच दाबानं गाळणी झिजते, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ती धमनी सैल करतात. दाब उतरतो, गाळण थोडं मंदावतं आणि क्रिएटिनिन किंचित चढतं. म्हणजे औषध लागू पडलंय. सुरुवातीची ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. १.० चं १.६ झालं तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडाच्या मुख्य धमन्याच अरुंद असण्याची शक्यता तपासावी लागते. अॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीचा परिणाम मुख्यतः रक्त आणणाऱ्या धमनीवर होतो, त्यामुळे त्यात अशी वाढ फारशी दिसत नाही.

खरी भीती एप्रिलमधली. नाशिककडच्या निफाड-दिंडोरीत द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असते, ऊन चाळिशीला टेकलेलं, घामानं अंगातलं पाणी गेलेलं. बीपीच्या गोळीत बऱ्याचदा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही असतं. त्यात खांदे भरून आले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखणं थांबवणारी गोळी घेतली, तर रक्त आणणारी धमनी आवळते. बाहेरची आधीच सैल, त्यात रक्तही कमी. गाळणीत दाबच उरत नाही आणि चार-दोन दिवसांत लघवी कमी होऊ शकते. म्हणून अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी, तीही ठरलेल्या मात्रेत. उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं तुटलं, तर या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. थांबवल्या तर पुन्हा कधी सुरू करायच्या, तेही.

गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिनसोबत पोटॅशियमही तपासा. ते ५.५ च्या वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं; या गोळ्या चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.