पोलॅरिटी उलटणे म्हणजे फेज सरकणे नव्हे

चतुर्थीपूर्वी घराला रंग काढताना स्पीकर हलवले जातात आणि परत जोडताना एखाद्याच्या लाल-काळ्या तारांची अदलाबदल होते. मग नाट्यपदातला गायक दोन स्पीकरांच्या मधोमध उभा न राहता खोलीभर विखुरतो आणि डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. गोव्यात मी पाहिलेल्या अशा प्रत्येक घरात ‘फेज गेली’ हेच निदान ऐकले आहे. प्रत्यक्षात तेथे उलटलेली असते ती पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणीची दिशा; फेज म्हणजे ध्वनिलहर आपल्या आवर्तनात कोठवर पोहोचली आहे ते. (वायरमनच्या सिंगल फेज, थ्री फेजशी तर याचा काहीच संबंध नाही.) दोन्ही स्पीकर उलटे जोडले गेल्यास बहुतेकांना फरक ऐकू येत नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

पोलॅरिटी उलटणे म्हणजे फेज १८० अंश सरकणे, असे सर्रास म्हटले जाते (पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे). खरी गफलत या ‘१८० अंश’ शब्दांत आहे. पोलॅरिटी उलटली की स्पीकरचा पडदा जेथे पुढे यायचा तेथे त्याच क्षणी मागे जातो, आणि हे खर्जापासून तारस्वरापर्यंत सर्व कंपनसंख्यांना सारखेच लागू होते. त्यात उशीर मुळीच नसतो. उशिरामुळे सरकणारी फेज मात्र प्रत्येक कंपनसंख्येला वेगळी असते. सबवूफर (केवळ खर्जाचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर) मुख्य स्पीकरांपेक्षा सुमारे १.७ मीटर दूर असेल, तर त्याचा आवाज ५ मिलिसेकंद मागाहून पोहोचतो. हा उशीर १०० हर्ट्झला अर्धे आवर्तन, म्हणजे १८० अंश भरतो, तर ५० हर्ट्झला तोच केवळ ९० अंश. अशा वेळी पोलॅरिटी उलटली तर १०० हर्ट्झचे स्वर जुळतात, पण ५० हर्ट्झला चौथाई आवर्तनाचा फरक राहतोच, कारण उलटापालटीने उशीर भरून निघत नाही.

म्हणूनच अनेक सबवूफरांच्या पाठीवर ‘फेज ०/१८०’ असे छापलेले बटण मला खटकते, कारण ते बहुधा केवळ पोलॅरिटी उलटते आणि छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याची दिशाभूल करते. माझ्या मते आधी स्पीकरांच्या तारा तपासाव्यात, नंतर सबवूफर हलवून किंवा अॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये स्पीकरांचे अंतर नोंदवून उशीर जुळवावा, आणि शेवटी नेहमीच्या खुर्चीत बसून, दुसऱ्या कोणाला ते बटण दाबायला सांगून, डग्गा ज्या स्थितीत भरीव ऐकू येईल ती स्थिती कायम ठेवावी.