शुक्राचा बसाल्ट आणि कासचा जांभा

शुक्राच्या दाट ढगांखाली समुद्र किंवा दलदल असावी, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. १९६२ मध्ये अमेरिकेच्या मरीनर २ या यानाने जवळून जाताना तेथील प्रचंड उष्णता मोजली आणि तो मागे पडला. पुढचा इतिहास मुख्यतः सोव्हिएत अभियंत्यांच्या चिकाटीचा आहे. १५ डिसेंबर १९७० रोजी त्यांच्या व्हेनेरा ७ या यानाचे पॅराशूट निकामी होऊन ते जमिनीवर आदळले. तेथून आलेला २३ मिनिटांचा क्षीण संदेश तर नंतर ध्वनिफिती तपासताना, गोंगाटातून वेचून काढावा लागला. परग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेली ती पहिली माहिती होती.

मार्च १९८२ मध्ये उतरलेल्या व्हेनेरा १३ कडून ३२ मिनिटांच्या कामाची अपेक्षा होती. सुमारे ४५७ अंश सेल्सिअस तापमानात आणि पृथ्वीच्या जवळपास नव्वदपट दाबाखाली ते १२७ मिनिटे टिकले. त्याच्या गिरमिटाने जमीन पोखरून काढलेला भुगा आतल्या बंदिस्त कप्प्यात आणला गेला, तेथे क्ष-किरणांनी तपासला गेला आणि तो बसाल्टच्या जातीचा निघाला. चारच दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा १४ ला मिळालेला नमुना तर पृथ्वीवरच्या सागरतळाच्या बसाल्टशी मिळताजुळता होता.

सातारकरांना बसाल्ट परका नाही. यवतेश्वरच्या घाटात थरांवर थर दिसणारा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हाच. भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या थरांतील एका गटाला वाईचेच नाव दिले आहे. मात्र वर कासच्या सड्यावर जांभा लागतो, कारण उष्ण हवेत पावसाने तोच कातळ कुजवला, त्यातील सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवले. शुक्रावर हे घडवणारे पाणीच आज नाही.

पूर्वी मात्र ते असावे. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेत तेथील वातावरणात जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून अधिक आढळले. पाण्याच्या विघटनातून सुटलेला हलका हायड्रोजन अवकाशात निसटत गेल्याची आणि जड मागे राहिल्याची ही खूण आहे. ते पाणी समुद्ररूपात साचले होते की वाफ होऊनच राहिले, हा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते ग्रहांच्या उत्क्रांतीतला हाच कळीचा प्रश्न आहे. पुढे १९९० ते १९९४ या काळात अमेरिकेच्या मॅगेलन यानाच्या रडारने ९८ टक्के पृष्ठभागाचा नकाशा काढला. जमीन जितकी जुनी तितकी तिच्यावर उल्काविवरे जास्त; त्यात ती जेमतेम हजार निघाल्याने बहुतांश जमीन शंभर कोटी वर्षांहूनही तरुण ठरली.

भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली असून मार्च २०२८ हे उड्डाणाचे उद्दिष्ट आहे. हे यान उतरणार नाही. कक्षेत फिरूनच ते शुक्राचा पृष्ठभाग आणि वातावरण अभ्यासणार आहे.