अठरा वर्षांची बर्बन मागण्याआधी

आमच्या ग्राहकांसाठी, काउंटरवरून

डिसेंबर लागला की दिवसातून चार वेळा तरी हा प्रश्न येतो: "बर्बनमध्ये अठरा वर्षांची काय आहे?" बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की. विचारणारा बहुधा भारतात निघालेला असतो. सासरेबुवांना किंवा थोरल्या भावाला बाटली न्यायची असते, आणि स्कॉच बघत मोठे झालेल्या आपल्या मंडळींचा हिशोब ठरलेला असतो. बारा म्हणजे बरी, अठरा म्हणजे भारी, एकवीस म्हणजे पाहुण्यांना नुसती दाखवायची. मागे रांग उभी असताना सगळं समजावणं जमत नाही, म्हणून हा कागद छापला. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमचं निम्मं गिऱ्हाईक मराठी आहे, तेव्हा मराठीतच.

मागच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ अठरा वर्षांची बाटली परत घेऊन आले. सील फोडलेलं, दोन पेग कमी झालेले. म्हणाले, "खराब निघाली. लाकूड चघळल्यासारखी लागते." बाटली उत्तम होती. अठरा वर्षं लाकडात राहिलेली बर्बन थोडीफार तशीच लागायची. घेताना मी त्यांना बारा वर्षांची सुचवली होती, तेव्हा त्यांना वाटलं मी स्वस्त माल गळ्यात मारतोय. उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही, त्यामुळे दोघांचाही अर्धा तास आणि मूड गेला. चूक एकच होती, आणि ती बरेच जण करतात. बर्बनचं वय स्कॉचच्या फूटपट्टीने मोजायचं नसतं.

स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपात मुरते. त्यातली पुष्कळ पिंपं बर्बन काढून झाल्यावर अमेरिकेतूनच तिकडे गेलेली असतात. बर्बनला मात्र कायद्यानेच नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. ताजी पावडर टाकून केलेला चहा आणि तीच पावडर पुन्हा उकळून केलेला चहा, एवढा फरक धरा. दुसऱ्यांदा उकळायला निवांत वेळ दिला तरी चालतो. ताजी पावडर तेवढाच वेळ गॅसवर ठेवली तर चहा कडूजहर होतो.

त्यात हवामान. स्कॉटलंडच्या थंड गोदामात वर्षाला साधारण दोन टक्के दारू पिंपातून उडून जाते. बर्बनचं माहेर असलेल्या केंटकीत उन्हाळा कडक, गोदामं सहा-सात मजली, आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली पिंपं अक्षरशः भाजतात. तापलं की दारू लाकडात शिरते, गारठलं की बाहेर येते, आणि येताना रंग, व्हॅनिला, जळक्या साखरेची गोडी घेऊन येते. वर्षं वाढली की तुरटपणाही येतो. तळमजल्यावरचं पिंप सावकाश पिकतं, म्हणून फार जुन्या बर्बनची पिंपं बहुधा खालच्या मजल्यांवरची असतात. म्हणजे एकाच कंपनीची, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं दहा वर्षांनी सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत.

उष्णतेचा खेळ आपल्याकडच्या लोकांना खरं तर सांगायला नको. गोव्यात पॉल जॉन आणि बंगळुरात अमृत मुरते, तिथे पिंप स्कॉटलंडच्या कितीतरी पटीने वेगाने रिकामं होतं. अमृतने आठ वर्षांची 'ग्रीडी एंजल्स' काढली तेव्हा तो आकडा भारतीय व्हिस्कीसाठी मोठा होता. 'आठच वर्षं?' म्हणून तिला कुणी नाक मुरडलं नाही. मग केंटकीच्या नऊ वर्षांना का मुरडायचं?

आता पैशाचं. पिंपात सुमारे दोनशे लिटर मावतात. वर्षाला चारच टक्के घट धरली तरी चार वर्षांनी १७० लिटर उरतात, बारा वर्षांनी १२० आणि वीस वर्षांनी ९० सुद्धा नाहीत. कंपनीचं गोदाम तेवढं अडतं, भांडवल तेवढं अडकतं. शिवाय केंटकीत मुरत पडलेल्या प्रत्येक पिंपावर दरवर्षी मालमत्ता कर असतो. तो आता २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४३ पर्यंत जाणार आहे, पण आज बाटलीत असलेल्या जुन्या दारूने तो भरलेला आहे. तेव्हा जुनी बर्बन महाग असते ती नुसती मिरवण्यासाठी नाही. खर्च खरा आहे. मात्र त्या खर्चातला मोठा भाग हवेत गेलेल्या दारूचा आहे, आणि तो आपल्या ग्लासात येत नाही.

स्वतः पारखायचं असेल तर नॉब क्रीक ही बर्बन घ्या. नऊ, बारा, पंधरा आणि अठरा वर्षांची, चारही १०० प्रूफ, म्हणजे पन्नास टक्के अल्कोहोल. घर एकच, फरक मुख्यतः वयाचा. आमच्या फळीवर नऊची चाळीसच्या आतबाहेर, बाराची पासष्टच्या आसपास, पंधराची शंभराच्या आणि अठराची एकशे सत्तरच्या आसपास डॉलर असते. नऊवरून बारावर जाताना प्रत्येक जादा वर्षाला साधारण आठ डॉलर पडतात. पंधरावरून अठरावर जाताना तेवीस. माझं मत विचाराल तर नऊ ते बारा ही उडी पैसे वसूल करते. चव दाट होते, तिखटपणा बसतो. पंधरा ज्याला ओकची चव आवडते त्याने घ्यावी. अठराची मी स्वतः दोनदा घेतली, दुसऱ्यांदा फक्त खात्री करायला.

याला अपवाद आहेत. ज्या बर्बनमध्ये राय या धान्याऐवजी गहू असतो ती मवाळ असते, तिला जास्त वय पेलतं असं मानतात. पॅपी व्हॅन विंकलची पंधरा, वीस आणि तेवीस वर्षांची याच जातीची. त्यासाठी रोज फोन येतात. कंपनीने सुचवलेली किंमत काही शे डॉलर, बाहेर ती हजारांत जाते. आम्ही यादी करत नाही, आगाऊ पैसे घेत नाही आणि 'मागच्या खोलीत' काही लपवलेलं नाही. काही जण हे ऐकून रागावतात. पण वर्षाला एखादी बाटली हाती लागली तर लागली, तिच्यासाठी पन्नास जणांना वर्षभर झुलवत ठेवणं मला जमत नाही.

लेबल वाचताना आकड्याआधी दोन गोष्टी बघा. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं झालेली आहेत, आणि चारपेक्षा कमी असतील तर वय छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' आहे आणि आकडा नाही, याचा अर्थ किमान चार वर्षं. आकडा असेल तर तो आतल्या सर्वांत तरुण दारूचा. दुसरं, 'बॉटल्ड इन बाँड'. हा १८९७ सालचा कायदा: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा माल, किमान चार वर्षं आणि बरोबर १०० प्रूफ. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची वीस डॉलरच्या आसपास मिळते आणि हे सगळं पाळते. तिच्याकडे पाहुणे ढुंकून बघत नाहीत, आमच्या दुकानातली पोरं मात्र घरी तीच नेतात.

भारतात न्यायची असेल तर आधी विचारा की पिणारा कशी पितो. सोडा, बर्फ आणि चखण्याला चकली असेल तर अठरा वर्षांचे पैसे सोड्यात गेले. तिथे वाइल्ड टर्की १०१ सारखी दणकट बाटली टिकते, साडेपन्नास टक्क्यांची, पाणी घातलं तरी मान टाकत नाही. कस्टम्सला माणशी दोन लिटर चालतात. साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर झाले, तिसरी घेतलीत की हिशोब बाहेर. लिटरच्या दोन घ्या, बरोबर बसतात.

आणि हो, 'ही सहा वर्षांची घेऊन कपाटात ठेवतो, दहा वर्षांत सोळाची होईल' असं मनात असेल तर सोडून द्या. वय पिंपात वाढतं, काचेत थांबतं.

काउंटरवर डाव्या बाजूला पिंपाची एक फळी ठेवली आहे. एका बाजूने कोळसा, आणि कापलेल्या कडेवर दारू किती आत शिरली होती त्याची तांबूस रेघ दिसते. हातात घेऊन बघा. हात काळे होतात, टिश्यू शेजारीच आहेत.